ग्रुप वाढवायचाय: आधी नर्तक की व्यवस्थापक?

गिरकी: आमचा समकालीन नृत्याचा पाच जणांचा ग्रुप आहे. रचना माझ्या, आणि मी नाचतेही. आता बाहेरून प्रयोगांची विचारणा होतेय. सगळे म्हणतात, आणखी तिघं-चौघं घे, मोठ्या रंगमंचावर पाच जण हरवतात. पण मेल, करार, तिकिटं, मानधनाचा हिशोब हे सगळं तालीम संपल्यावर मीच करत बसते. त्यात एक जुनी मुलगी सोडून चाललीय. तिच्या जागी आलेल्या मुलाच्या स्टेप्स पाठ आहेत, तरी ड्युएट, म्हणजे दोघांचा नाच, उभा राहत नाहीये. पैसे एकाच माणसापुरते आहेत. कुणाला घेऊ?

विंगेतून: व्यवस्थापक घ्या, आणि तालीम कळणारा घ्या. ब्रिटिश नर्तक-नृत्यरचनाकार अक्रम खान यांनी २००० साली कंपनी काढली तीच फारूक चौधरींना बरोबर घेऊन. चौधरी आधी स्वतः नर्तक होते, मग निर्माते झाले. असा माणूस असला की तालमीचे पैसे, रंगमंच आदल्या दिवशी ताब्यात मिळणं, जमीन कशी आहे, हे सगळं करारातच येतं. सिमेंटवर नुसती चटई टाकून उड्या मारायला लावलं, तर नडग्या तुमच्या पोरांच्या दुखणार. हरवण्याची चिंता सोडा. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांची कंपनी १९५३ साली सुरू झाली, आणि सुरुवातीचे दौरे एका फोक्सवॅगन बसमध्ये मावतील तेवढ्याच माणसांनी केले. संगीतकार जॉन केजही त्याच गाडीत.

तालीमवही: मी रचना पुन्हा बसवायचं काम करते, म्हणून मला आधी ते ड्युएट दिसतंय. व्हिडिओवरून शिकवलंत का? व्हिडिओत हात कुठे पोचला ते दिसतं, वजन कधी सोडलं ते नाही. ती मुलगी मागे रेलण्याआधी श्वास सोडत असेल आणि जोडीदाराचा गुडघा त्या श्वासावर वाकत असेल. नवा मुलगा मनात आकडे मोजून रेलतो, मग जोडीदार उशिरा पोचणारच. ती आहे तोवर तिघांना एकत्र उभं करा. तिला बोलत बोलत नाचू दे, आणि कुणीतरी वहीत उतरवा: वजन कुठल्या टाचेवर, कोण कुणाकडे बघून सुरू करतं, दिवा कधी बदलतो. या शिकवण्याचे तिला वेगळे पैसे द्या. माझ्या मते पहिला खर्च हाच. कनिंगहॅम २००९ मध्ये गेले, ३१ डिसेंबर २०११ ला कंपनीही थांबली, पण त्यांच्या रचना आजही बसवल्या जातात, कारण चित्रफिती, टिपणं, प्रकाशयोजना, कपड्यांचे तपशील एकत्र लावून ठेवलेत. तुमच्याकडे तर एक जण गेला की रचनेचा पाचवा हिस्सा जातो. भरती त्यानंतर.

गिरकी: हो, व्हिडिओवरूनच शिकवलं. तिला आजच विचारते. मग व्यवस्थापक अर्धवेळ चालेल का?

विंगेतून: चालेल. फक्त आयोजकांशी बोलणी त्यालाच करू द्या, तुम्ही मधे उत्तरं देऊ नका.