ऑईल ड्रेन बोल्टचे आटे गेलेत, हेलिकॉइल मारू का बुश?

भांडुपकर_१५०:
मंडळी मदत पाहिजे. १५० सीसी बाईक आहे, ऑईल बदलायला दिलेली तर गॅरेजच्या पोराने ड्रेन बोल्ट लांब पान्याने असा काही आवळला की आता नुसता गोल गोल फिरतोय. जोर लावून खाली ओढला तेव्हा निघाला, आणि बोल्टाला अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली. गॅरेजवाला म्हणतो टेफ्लॉन टेप लावून देतो, काय होत नाय. दुसरा म्हणतो अख्खं क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) बदला, खर्च ऐकून मी तिथेच बसलो. सोसायटीत नवीन पेव्हर ब्लॉक टाकलेत, त्यावर ऑईलचा डाग बघून सेक्रेटरी काका रोज बेल वाजवतायत. इंजिन न उघडता काम होईल का?

लेथवाला_परळ:
होईल. टेप बिलकुल नको, आटेच नाहीत तर टेप धरणार कशाला, वर तुकडे सुटून आत जाळीत जाऊन बसले की वेगळाच खर्च. एमसीलचंही तेच, गरम ऑईलमध्ये टिकत नाही.
आधी बोल्ट मोजून घे, बऱ्याच बाईकना एम१२ × १.५ (१२ मिमी जाड, आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) असतो पण अंदाजाने किट आणू नकोस. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेसच्या तारेची स्प्रिंग, भोक मोठं करून तिचा खास टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा आणि ती आत फिरवत बसवायची. साधा टॅप चालत नाही हां, किटमधलाच पाहिजे. स्प्रिंग तोंडापासून अर्धा आटा आत राहिली पाहिजे, नायतर वॉशर सपाट बसत नाही आणि गळती चालूच. खालची शेपटी मोडून बाहेर काढायची, आत पडू द्यायची नाही. नीट बसली तर मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत होतं काम.
किट नागदेवी स्ट्रीटला मिळेल, मशीद स्टेशनला उतरून चालत जा, रविवार सोडून.

ठाणे_टूरर:
दादांशी सहमत पण ड्रेन बोल्टाला मी तरी बुशच मारेन. हा बोल्ट दर ऑईल चेंजला खोलायचा असतो, आणि हेलिकॉइल ढिली बसली असेल तर एखाद्या दिवशी बोल्टाबरोबर स्प्रिंगच हातात येते. आतून-बाहेरून आटे असलेला भरीव बुश तसा निघत नाही. फक्त त्याला भोक अजून मोठं लागतं, त्यामुळे भोकाभोवती मटेरियल किती आहे ते बघून घे, भिंत पातळ असली तर क्रॅक जाईल. टॅपेटच्या कव्हरचे वगैरे एम६ बोल्ट असतील तर हेलिकॉइलच बेस्ट.

भांडुपकर_१५०:
धन्यवाद दोघांना. पण ड्रिल मारताना कीस आत गेला तर? लोहचुंबक फिरवला तर निघेल ना?

लेथवाला_परळ:
अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटतं का रे बाबा 😄
टॅपच्या खाचांमध्ये ग्रीस भर, कीस त्यातच अडकतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मधेमधे बाहेर काढून पुसायचा. भोक खालच्या बाजूला आहे म्हणून बराचसा कीस आपोआप खाली पडतो, शिवाय ऑईल भरायच्या तोंडातून हळू हवा मारली तर उरलेला पण बाहेर येतो. मग बोल्ट न लावता वरून थोडं स्वस्तातलं ऑईल ओत, खाली स्वच्छ पडेपर्यंत. त्यात कंजूषी नको.
आणि हॅन्ड ड्रिल कोणी वाकडं धरत असेल तर तिथून गाडी उचल. भोक तिरकं गेलं की हेलिकॉइल काय नि बुश काय, वॉशर एका बाजूनेच दाबला जाणार.

ठाणे_टूरर:
वॉशर नवीन घाल. जुना चपटा झालेला वॉशर गळतो म्हणून लोक बोल्ट अजून आवळतात, बोल्ट स्टीलचा नि क्रँककेस मऊ अ‍ॅल्युमिनियमचं, मग दुसरं काय होणार. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) असेल तर मॅन्युअलमधला आकडा बघून लाव, एम१२ ला साधारण २० ते ३० न्यूटन मीटरच्या मधे असतो.

भांडुपकर_१५०:
भोकाभोवती मटेरियल बऱ्यापैकी जाड दिसतंय, म्हणजे बुशच. परळला आणू का गाडी? टोइंगवाला बघावा लागेल, रिकाम्या इंजिनने चालवत तर येऊ शकत नाही.

लेथवाला_परळ:
चालवूच नको. टेम्पोत टाकून आण, शनिवारी दुपारनंतर. जुना बोल्ट फेकू नकोस, बुश त्याच्याच मापाचा करायचाय.