थंडीतली सायकल आणि सकाळची पाळी: आपापले अनुभव सांगावेत

जानेवारीत सोलापुरात दुपारी पारा तिशीकडे जातो आणि पहाटे पंधराच्या आसपास उतरतो. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि आमच्या कारखान्याची पहिली पाळीही सातलाच सुरू होते, त्यामुळे जुळे सोलापुरातून अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीपर्यंतचा माझा जवळजवळ सगळा प्रवास अंधारातच होतो. हिवाळा लागला की अनेक जण सायकल भिंतीला टेकवून ठेवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण थंडी बोचते ती पहिली दहा मिनिटेच. त्यानंतर अंग तापते, आणि जाड स्वेटर घातला असेल तर घामाने भिजलेला बनियन कामावर पोहोचल्यावर अंगावर गार पडून हुडहुडी भरते. म्हणून मी घरातून निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालतो आणि कोरडा सदरा कॅरियरला बांधून नेतो. आपण काय करता, कोणत्या अडचणी येतात, ते सविस्तर लिहावे.

यंत्रमाग कामगार, कुंभारी

मला थंडीचा त्रास अंगाला नाही, बोटांना होतो. मागावर सूत तुटले की दोन टोके चिमटीत धरून क्षणात गाठ मारावी लागते. पण उघड्या हातांनी हँडल धरून आलेल्या दिवशी बोटांना सूत लागतच नाही, गाठ दोन-दोनदा निसटते आणि तोवर माग बंद राहतो. पहिली काही वर्षे मी आल्या आल्या चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसत असे. आता टॉवेलच्या उरलेल्या तुकड्यांपासून बायकोने हँडलवर चढवायच्या दोन पिशव्या शिवून दिल्या आहेत. हात त्यांत घालून ब्रेकही दाबता येतो. हातमोज्यांपेक्षा मला याच बऱ्या वाटतात.

परिचारिका, होटगी रस्ता

माझी रात्रपाळी पहाटे संपते. या दिवसांत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम भरात असतो आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. दोन वर्षांपूर्वी धुक्यात एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, आणि बाहेर आलेली उसाची वाढी माझ्या चेहऱ्याला घासली तेव्हाच ती मला समजली. त्या दिवसापासून मी पुढे-मागे दोन्ही दिवे लावल्याशिवाय सायकलवर बसत नाही. थंडीचे म्हणाल तर कानटोपी पुरते, पण ती कानांवर इतकी घट्ट नसावी की मागून येणारी गाडी ऐकूच येऊ नये.

मूळचा सोलापूरचा, सध्या फिनलंडमधील औलू

मी शाळेत असताना संभाजी तलावाच्या रस्त्याने सायकल चालवली आणि आता उणे पंधरा अंशांत कामावर सायकलनेच जातो. घरच्यांना हे खरे वाटत नाही. मात्र या शहराने त्याची तयारी केली आहे: सायकलींचे वेगळे मार्ग आहेत, त्यांवरचा बर्फ नियमितपणे काढला जातो आणि घसरू नये म्हणून वर बारीक खडी पसरतात. हिवाळी सायकलिंगाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही 2013 मध्ये इथेच भरली होती. ताज्या, भुसभुशीत बर्फाची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती वितळून पुन्हा गोठलेल्या गुळगुळीत थराची, आणि त्यासाठी धातूचे बारीक खिळे बसवलेले टायर लागतात. पहिल्या हिवाळ्यात मी एक चूक केली. सायकल रात्री उबदार घरात ठेवली. तिच्यावरचा बर्फ वितळून पाणी गिअरच्या तारेच्या नळीत उतरले, सकाळी बाहेर नेताच ते गोठले आणि गिअर जागेवरच अडकला. आणखी एकदा कडाक्याच्या थंडीत फ्रीव्हीलमधले ग्रीस घट्ट झाले, आतले खटके उचललेच गेले नाहीत, त्यामुळे पेडल मोकळेच फिरत होते आणि चाक हलत नव्हते. तीन किलोमीटर सायकल हाताने ढकलत नेली. तेव्हापासून ती बाहेरच्या थंड छपरीत ठेवतो आणि आत पातळ तेल घालतो.

शिक्षिका, बाळे

मला दम्याचा त्रास आहे. थंड, कोरडी हवा एकदम छातीत गेली की खोकल्याची उबळ येते, आणि पहाटे शेकोट्यांचा धूरही खालीच साचून राहतो. मफलर नाकातोंडावरून घेतला की आत जाणारी हवा थोडी ऊबदार होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने पंप सोबत ठेवते, आणि धूर फार असेल त्या दिवशी बसने जाते.

सायकल दुरुस्ती करणारा, अशोक चौक

औलूच्या भावाने पातळ तेलाचे लिहिले, ते इथेही लागू आहे, मात्र कारण निराळे आहे. आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी असते, धूळ उडते, आणि माग असलेल्या भागांत सुताचा बारीक कोंडा चेनीच्या तेलाला चिकटून त्याची काळी वात होते. माझ्याकडे अशा चेनी रोज येतात. जास्त तेल ओतू नये. चेन कोरड्या फडक्याने पुसावी, कडी-कडीवर एकेक थेंब सोडावा आणि वरचे तेल पुन्हा पुसून काढावे. शिवाय दुपारच्या उन्हात भरलेली हवा पहाटेच्या गारठ्यात कमी भासते, तेव्हा निघण्याआधी टायर अंगठ्याने दाबून पाहावा.