लॉस एंजेलिस : औषधी गांजाच्या दुकानांकडून कर घेतला, मग परवाना का दिला नाही?

नगरअभ्यासक
नमस्कार. लॉस एंजेलिस शहराने औषधी गांजाच्या दुकानांचे नियमन कसे केले, यावर मी नागरी प्रशासनाच्या अभ्यासक्रमासाठी टिपण लिहीत आहे. १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २१५ मंजूर केला आणि डॉक्टरांच्या शिफारशीवर रुग्णाला गांजा बाळगण्याची मुभा मिळाली, इथवर काही अडत नाही. मात्र पुढे शहराने २०११ पासून या दुकानांवर खास व्यवसाय कर लावला आणि तरीही २०१८ उजाडेपर्यंत एकालाही रीतसर परवाना दिला नाही. ज्या धंद्याला परवानगीच नाही, त्याच्याकडून कर कसा घेता येतो? आणि २०१३ च्या प्रस्ताव ‘डी’ने दिलेले ‘मर्यादित संरक्षण’ हा परवानाच नव्हे काय?

कलमबहाद्दर
कर आणि परवानगी यांचा कायद्यात एकमेकांशी संबंध नाही. बेकायदा उत्पन्नावरही कर लागतो. दुकानदार मात्र कर नोंदणीचे प्रमाणपत्र काउंटरमागे चौकटीत लावत आणि तोच परवाना असल्याचे गिऱ्हाइकाला वाटे, हा घोळ बरीच वर्षे चालला.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या लाँग बीच शहरात आहे. त्या शहराने सोडत काढून दुकानांना परवाने देण्याची योजना आखली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने ठरवले की, फेडरल (अमेरिकेच्या केंद्रीय) कायद्याने गुन्हा असलेली गोष्ट ‘करू नये’ असे शहर म्हणू शकते, पण ‘तुम्ही करा’ असे लेखी देऊ शकत नाही. (पुढे हे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि गुणवत्तेवर निकाल न लागताच निकाली निघाले.) लॉस एंजेलिसच्या वकिलांनी त्याचा धसका घेतला. म्हणून प्रस्ताव ‘डी’ची भाषा उलटी आहे : सर्व दुकाने बेकायदा, परंतु अमुक अटी पाळणाऱ्यांवर शहर खटला भरणार नाही. १४ सप्टेंबर २००७ पर्यंत चालू झालेले असणे, त्या वर्षीच्या मुदतीत शहराकडे नोंद झालेली असणे, कर भरलेला असणे आणि शाळेपासून १००० फुटांचे अंतर, या त्यांपैकी मुख्य अटी होत्या. सुमारे १३५ दुकाने त्यात बसतील असा अंदाज होता. त्यामुळे हा परवाना नव्हता. त्याला हस्तांतर, नूतनीकरण किंवा अपील यांपैकी काहीच लागू नव्हते. खटला भरला गेलाच, तर न्यायालयात पुढे करायचा तो निव्वळ बचाव होता.

सेरिटोसकर
वरील खुलाशाला थोडी पार्श्वभूमी जोडतो, कारण २००७ ची अट कोठून आली हे समजल्याशिवाय बाकीचे उमगत नाही. त्या वर्षी नगरपरिषदेने नव्या दुकानांवर तात्पुरती बंदी घातली आणि तिच्यात ‘विशेष अडचण’ असल्यास सूट मागण्याची एक पळवाट ठेवली. शेकडो लोकांनी अर्ज टाकले, परिषदेने दीर्घकाळ त्यांवर निर्णयच दिला नाही आणि अर्जदारांनी पोचपावतीच्या भरवशावर दुकाने थाटली. माझ्या मते पुढची दहा वर्षे शहर केवळ हा पसारा आवरत होते. २०१२ मध्ये सरसकट बंदीचा ठराव झाला, तोही विरोधकांनी सार्वमतासाठी पुरेशा सह्या जमवताच काही महिन्यांत मागे घ्यावा लागला.

खरी कलाटणी राज्याकडून मिळाली. ऑक्टोबर २०१५ च्या कायद्याने औषधी गांजासाठी राज्याचा परवाना आणला आणि त्यासाठी स्थानिक संमतीची अट घातली. मग मार्च २०१७ मध्ये शहराच्या मतदारांनी मेझर ‘एम’ हा शहराला परवाने देण्याची वाट मोकळी करणारा प्रस्ताव मंजूर केला, ‘मर्यादित संरक्षण’ रद्द ठरले आणि जुन्या पात्र दुकानांना प्राधान्याने अर्ज करता आला. गांजा नियमन विभाग हे स्वतंत्र खाते निघाले. औषधी विक्रीवर ५ टक्के आणि सामान्य प्रौढांना होणाऱ्या विक्रीवर १० टक्के असा शहराचा कर ठरला. बहुतेक बँका खाते उघडत नसल्याने तो कर अनेक जण रोकड नोटांनी भरत असत.

नगरअभ्यासक
दोघांचेही आभार. आपल्याकडे दारूच्या दुकानाचा परवाना महापालिका देत नाही, राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. मात्र २००८ च्या आदेशानुसार प्रभागातील मतदार ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान करून चालू दुकान बंद पाडू शकतात. तेथे वस्तीच्या हाती असे काही आहे का?

सेरिटोसकर
आडव्या बाटलीइतके धारदार हत्यार नाही. प्रत्येक भागाची नेबरहुड कौन्सिल (स्थानिक रहिवाशांची समिती) मत कळवते, पण ते सल्ल्यापुरते असते. खरा अडसर आकड्यांचा आहे : नियोजन क्षेत्रात साधारण दर १०,००० रहिवाशांमागे एक दुकान ही मर्यादा असून, ती ओलांडायची असेल तर ‘सार्वजनिक सोय किंवा निकड’ असल्याचा निर्णय नगरपरिषदेने द्यावा लागतो, म्हणजे प्रत्यक्षात त्या भागाच्या नगरसेवकाचा शब्द चालतो. शिवाय दुकान शाळा, बाग, वाचनालय आणि दुसऱ्या गांजाच्या दुकानापासून ७०० फूट दूर हवे. एवढी चाळणी लावल्यावर नकाशावर उरलेल्या मोजक्या गाळ्यांची भाडी किती चढली असतील, याची कल्पना करा.

कलमबहाद्दर
आणि हे गाळे अर्जापूर्वीच ताब्यात असावे लागत! सामाजिक न्याय योजनेखाली, म्हणजे गांजाविरोधी कारवाईची झळ सोसलेल्या अल्प उत्पन्न गटासाठी, ३ सप्टेंबर २०१९ रोजी सकाळी दहा वाजता ऑनलाइन खिडकी उघडली. जागा शंभर आणि तत्त्व ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’. काही अर्जदारांना वेळेआधीच प्रणालीत प्रवेश मिळाल्याचे उघड झाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि तडजोडीत शहराला आणखी शंभर अर्ज विचारात घ्यावे लागले. तोवर अनेक जण रिकाम्या गाळ्याचे भाडे भरत बसले होते. डिसेंबर २०२२ च्या फेरीत शहराने सोडत काढली. आपल्या टिपणात २०१९ चा हा भाग अवश्य घ्यावा. अर्जाची पद्धत कशी आखली यावर परवाना कोणाला मिळतो हे किती ठरते, ते त्यात दिसते.