बाल्कनीतल्या खतात अळ्या झाल्यात, बंद करू का?

गवतीचहा:
पुणे, तिसरा मजला, पश्चिमेची बाल्कनी. भोकं पाडलेल्या बादलीत ओला कचरा जिरवतेय. पाऊस सुरू झाला आणि आत करड्या, चपट्या अळ्या वळवळायला लागल्या. वासही येतो. सासूबाई म्हणतात, "दारात कचऱ्याची गाडी येते, मग घरात ही घाण कशाला?" आणि खरं सांगायचं तर कुंडीतल्या चार टोमॅटोंनी पर्यावरणाचं असं काय भलं होणार?

चिपाडवाले काका:
ताई, अळ्या मारू नका. वर्णनावरून त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या वाटतात. ही माशी घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात. कोषात जायची वेळ आली की मात्र बादलीबाहेर चढतात, तेव्हा आमच्या हिनेही आरडाओरडा केला होता. भोकांना आतून जाळी लावा.

वास अळ्यांचा नाही, पाण्याचा. मूठभर खत दाबून बघा. बोटांतून पाणी टपकलं तर कोरडं कमी पडतंय. ओल्याच्या दुप्पट तरी पालापाचोळा हवा. सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून ठेवा, पोतं भरून देतील, नाहीतर तो पाला कोपऱ्यात जाळलाच जातो. मी रसवंतीवरचं चिपाड आणतो, वाळवून बारीक तुकडे करतो. मुंबईत डॉ. दोशींनी गच्चीवरच्या शेतीत उसाचा हाच कचरा वापरला होता.

आता सासूबाईंचा मुद्दा. गाडी नेते, पण नेते कुठे? कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसलाय. ढिगात हवा पोचत नाही, मग ओला कचरा कुजून मिथेन वायू होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त तापवतो. खरं काम तुमची बादली करतेय, टोमॅटो नव्हे.

टोमॅटो सोडाच. कठड्याला मायाळू चढवा, सावलीच्या कोपऱ्यात अळू आणि पुदिना. जे जुडीने आणतो आणि अर्धं फ्रिजमध्ये सडतं, ते घरी लावावं. आणि कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा मागवत बसू नका, त्या दक्षिणेतून ट्रकने येतात. पाल्याचं खत नि थोडी माती पुरे.

सेक्रेटरी_बी_विंग:
सोसायटीत गांडूळखत करत असाल तर मनपाच्या मिळकतकर सवलतीचंही बघा. सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण, गांडूळखत यांपैकी एकाला ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के. प्रकल्प चालू मात्र हवा.

गवतीचहा:
काका, पाल्याचं पोतं मिळालं! शिळी आमटी चालेल का?

चिपाडवाले काका:
नको. तेल-मीठ, वर पाणी. भाज्यांची देठं, सालं, चहाचा चोथा घाला. लिंबाची सालं बेताने. आमटी संपवायची जबाबदारी घरातल्यांवर टाका.