टीव्हीला सिग्नल नाही : बिघाड नेमका कुठे सापडला? (अनुभव धागा)

गेल्या जुलैत चिपळूणजवळच्या आमच्या गावी बाबांचा टीव्ही चार दिवस बंद होता. पडद्यावर 'नो सिग्नल'. पाऊस धो धो होता, म्हणून पहिले दोन दिवस कुणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तरी चित्र येईना. फोनवर मेकॅनिकने न बघताच सांगितलं, सेट टॉप बॉक्स गेलाय, नवा घ्या. बाबा एकटे राहतात आणि संध्याकाळी सातच्या बातम्या ही त्यांची सोबत आहे. मी पुण्याहून गेले.

बॉक्सच्या मागची वायर काढली, पुसली, परत लावली. काही फरक नाही. मग शिडी लावून छत्रीपाशी गेले. एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या छोट्या डबीला, वायर जिथे जोडतात तिथला कनेक्टर, ज्याला केबलवाले 'पिन' म्हणतात, तो पिळून सोडवला आणि आतून पाण्याचा थेंबच बाहेर आला. मधली तांब्याची तार हिरवी पडली होती, भोवतीची जाळी काळी. वीतभर वायर कापली तेव्हा कुठे आत चकचकीत तांबं लागलं. पंधरा-वीस रुपयांची नवी पिन बसवली, वर रबरी टेप गुंडाळली आणि वायरला पिनेच्या खाली एक झोल दिला, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी येऊन खाली टपकतं, पिनेकडे जात नाही. सिग्नलची पट्टी ३८ वरून ७१ वर गेली. बॉक्स ठणठणीत होता.

चार दिवस घर मुकं होतं ते एका थेंबापायी. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की नवी वस्तू घेण्याआधी प्रत्येक जोड हाताने उघडून बघावा. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. पडद्यावर काय दिसत होतं, संशय कशावर होता आणि बिघाड कुठे निघाला, एवढं तरी सांगाच. जुन्या अँटेनाच्या आठवणीही चालतील.

पुणे, सदाशिव पेठ

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या टॉवरवरून ते पुण्यात दिसू लागलं. आमच्या वाड्याच्या कौलांवर अँटेना चढली ती मात्र बरीच नंतर. तोंड नैर्ऋत्येला, सिंहगडाकडे. मी कौलांवर, बहीण गॅलरीत, आई टीव्हीसमोर. आईने सांगायचं, बहिणीने ओरडायचं, मी नळी बोटभर फिरवायची.

आमचा त्रास वेगळाच होता. पाऊस आला की पडदाभर मुंग्या आणि ऊन पडलं की चित्र लख्ख. दोन पावसाळे आम्ही अँटेनाच फिरवत होतो. शेवटी कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी येऊन बोट ठेवलं ते वायरवर. तेव्हा ती चपटी, दोन तारांची वायर असायची. आम्ही ती पत्र्याच्या पन्हळीला सुतळीने घट्ट बांधली होती. काका म्हणाले, ह्या वायरीतला सिग्नल दोन तारांच्या आतच राहत नाही, भोवतालच्या हवेतूनही चालतो. शेजारी पत्रा आला किंवा वायर ओली झाली की तो तिथेच मरतो. त्यांनी लाकडी पट्ट्या ठोकून वायर भिंतीपासून चार बोटं दूर, मोकळी आणली. त्या दिवसापासून पावसातही चित्र टिकलं.

पुढे समोर चार मजली इमारत झाली आणि प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याची फिकट सावली दिसू लागली. एक सिग्नल सरळ सिंहगडावरून, दुसरा इमारतीवर आपटून क्षणभर उशिरा. त्यावर उपाय एकच निघाला, दांड्या जास्त असलेली अँटेना. तिची नजर अरुंद असते, बाजूचं कमी घेते.

देवगड

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एप्रिल-मे महिन्यात रात्री उशिरा आमच्या टीव्हीवर मध्येच अरबी अक्षरं आणि लांब झगे घातलेली माणसं यायची. आवाज खरखरीत. भाऊंना वाटायचं टीव्ही बिघडला, ते सगळी बटणं पिळून बघायचे आणि सकाळी दूरदर्शन शोधायला आमचा तासभर जायचा. पुढे नोकरीत बिनतारी यंत्रणेचं प्रशिक्षण झालं तेव्हा उलगडा झाला. उन्हाळ्यात समुद्रालगतची हवा दमट, तुलनेने थंड आणि तिच्यावर कोरडी, गरम हवेचा थर असतो. त्या दोहोंमध्ये लहरी सापडल्या की वर निसटून न जाता समुद्रावरून शेकडो किलोमीटर वाहत येतात. आखातातलं केंद्र कोकणात दिसायचं ते असं. घरातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. अशा वेळी हात न लावणं हाच इलाज होता.

सोलापूर

आमच्याकडे निम्मी चॅनेल्स दिसायची, निम्मी नाहीत. पॅकेज संपलं असेल म्हणून दोनदा पैसे भरले. मग कळलं की बॉक्स त्याच वायरीतून वर एलएनबीला वीजही पाठवतो. १३ व्होल्ट पाठवले की एलएनबी उभ्या लहरी घेते, १८ पाठवले की आडव्या. वाटेत वायर खराब असेल तर १८ चे वर पोचेपर्यंत कमी होतात आणि एलएनबी समजते १३ च मागितलेत. म्हणजे आडव्या लहरींवरची सगळी चॅनेल्स गायब.

पारख सोपी आहे. बॉक्स आणि एक छोटा टीव्ही गच्चीवर नेला, दोन मीटर नव्या वायरीने थेट छत्रीला जोडला. सगळी चॅनेल्स आली. म्हणजे छत्री, एलएनबी, बॉक्स तिन्ही बरे, दोष मधल्या वायरीचा. शोधत गेलो तर पाण्याच्या टाकीमागे दोन वायरी नुसत्या हाताने पिळून वर काळी टेप लावलेली. कुणी, कधी केलं कोण जाणे. अख्खी वायर बदलली, मध्ये एकही जोड ठेवला नाही.

नागपूर

मार्च महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास चित्र जायचं आणि काही मिनिटांत आपोआप यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. आकाश निरभ्र. मुलीने कॅलेंडरवर वेळा लिहायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात ते थांबलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत आलं तेव्हा ती म्हणाली, बाबा, हा सूर्य आहे.

खरंच होतं. उपग्रह विषुववृत्तावर एका जागी दिसतो आणि वर्षातून दोनदा, दिवस-रात्र समान होण्याच्या आसपास, सूर्य आपल्या दृष्टीने बरोबर त्याच्या पाठीमागून जातो. सूर्यही लहरी सोडतो, त्यात उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडून जातो. आमची छत्री डीडी फ्री डिशची, तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणून आमच्याकडे वेळ अकराची. पश्चिमेकडच्या उपग्रहाला ती उशिरा येईल.

पण ह्यातून एक फार कामाची गोष्ट हाती लागली. त्या काही मिनिटांत सूर्य आणि उपग्रह एकाच रेषेत असतात. त्या वेळी गच्चीवर जाऊन बघायचं, छत्रीवर ऊन आहे का सावली. सावली असेल तर जे काही ऊन अडवतंय तेच तुमचा सिग्नलही अडवतंय.

मिरज

नागपूरकर, तुमची युक्ती तंतोतंत लागू पडली, आभार. आमचा सिग्नल वर्षभर हळूहळू उतरत होता, वारा सुटला की चित्राचे चौकोन व्हायचे. कंपनीच्या माणसाने दोनदा छत्री हलवून पाहिली. ह्या ऑक्टोबरात अकरा वाजता गच्चीवर गेलो तर अर्ध्या छत्रीवर शेवग्याची सावली डुलत होती. छत्री बसवली तेव्हा ते झाड गुडघाभर होतं. शेवगा एका पावसाळ्यात केवढा वाढतो ते सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला वाटायचं छत्री समोर बघते, समोर तर मोकळंच आहे. प्रत्यक्षात ती दिसते त्याहून बरीच वर बघत असते. आपल्या भागातून हा उपग्रह क्षितिजापासून साठेक अंशांवर, आग्नेयेला आहे. दोन फांद्या उतरवल्या. शेंगाही मिळाल्या, सिग्नलही.

आंबोली

आमच्या पावसाबद्दल लिहिते. छत्रीच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर, दाट पावसात त्या शोषल्या जातात. ६० सेंटीमीटरची छत्री काढून ९० ची लावली तेव्हा साध्या पावसात चित्र टिकू लागलं. जुलैतल्या झोडपणाऱ्या सरीत अजूनही जातं. त्याला इलाज नाही, पंधरा मिनिटं वाट बघायची आणि छत्रीला हात लावायचा नाही. पावसात छत्री हलवली की पाऊस थांबल्यावरही चित्र येत नाही, हा अनुभव आम्ही घेतलाय.

डोंबिवली

केबलचा अनुभव. केबल डिजिटल करण्याच्या मार्च २०१३ च्या टप्प्यात आमच्याकडे सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. त्याआधी बेडरूमच्या टीव्हीवर मुंग्या असायच्या, पण दिसायचं. बॉक्स आल्यावर तिथे काहीच दिसेना, नाहीतर चौकोन आणि तुटका आवाज. डिजिटलचं असंच आहे, ठराविक पातळीपर्यंत चित्र उत्तम, तिच्याखाली एकदम अंधार.

कारण निघालं फॉल्स सीलिंगमध्ये. फर्निचर करताना तीन स्प्लिटर एकापुढे एक लावलेले. दोन तोंडांचा स्प्लिटर सिग्नलचे दोन वाटे करतो, म्हणजे तिसऱ्यानंतर आठवा हिस्सा, त्याहूनही थोडा कमीच. टीव्ही दोन आणि वाटे चार! एकच स्प्लिटर ठेवला, काम झालं.

एडिसन, न्यू जर्सी

इथे केबलचं बिल परवडेना म्हणून घरावर येणारे मोफत सिग्नल घ्यायचं ठरवलं. अमेरिकेत मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ ला बंद झालं, आता सगळं डिजिटल. खिडकीला कागदासारखी चपटी अँटेना चिकटवली. पुष्कळ चॅनेल्स आली, पण ७, ११ आणि १३ काही केल्या येईनात. ही तीन न्यूयॉर्कमध्ये व्हीएचएफवर आहेत, त्यांच्या लहरी लांब, दीड मीटरच्या आसपास. चपट्या अँटेनाचा जीव तेवढा नसतो. मग जुन्या पद्धतीची, दोन दांड्यांची अँटेना आणली, प्रत्येक दांडी ३८ सेंटीमीटर ओढली आणि दोन्ही आडव्या पसरल्या. तोंड ईशान्येला, मॅनहॅटनच्या उंच इमारतींकडे, कारण प्रक्षेपण तिथूनच होतं. लहानपणी वडील ठाण्यात वरळीच्या टॉवरकडे अँटेना वळवायचे, ते सारखं आठवत होतं. तिन्ही चॅनेल्स आली.

एक लक्षात ठेवा, अँटेना हलवल्यावर टीव्हीत चॅनेल्स नव्याने शोधावी लागतात. मी ते न करता दोन तास अँटेनाच फिरवत होते.

बंगळूर (आई लातूरला)

आमच्याकडे सिग्नल कधीच गेला नव्हता, तरी महिन्यातून दोनदा 'नो सिग्नल' यायचं. आईचं बोट रिमोटच्या 'सोर्स' बटणावर पडायचं आणि टीव्ही दुसऱ्याच एचडीएमआयवर जायचा. फोनवर समजावताना मी चिडायचो, ती गप्प व्हायची. ते मला फार लागलं. दिवाळीत गेलो तेव्हा तिच्याशेजारी बसून बघितलं. अक्षरं इतकी बारीक की मलाच वाचवेनात. तिनेच पाकिटातून एक लाल टिकली काढली आणि 'सोर्स'वर लावली. ठरलं असं की टिकली दोनदा दाबायची, मग चित्र येतं. पाच महिने झाले, ह्या कारणासाठी फोन आलेला नाही.

वाई

माझा प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून विचारते. रोज संध्याकाळी सात ते नऊ बॉक्स सारखा बंद-चालू होतो, सिग्नलची पट्टी शून्यावर. रात्री दहानंतर आणि दिवसभर उत्तम. वायर, पिना, एलएनबी सगळं बघून झालं.

सोलापूर

वाईकर ताई, त्या वेळात घरातले दिवे मंद होतात का? पंख्याचा वेग पडतो का? तसं असेल तर बॉक्सचा ॲडाप्टर बघा. जुना झाला की व्होल्टेज उतरल्यावर तो बॉक्सला पुरेशी वीज देत नाही आणि मग एलएनबीलाही वर काही पोचत नाही. ॲडाप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून तसाच दुसरा कुणाकडून तरी एका संध्याकाळीपुरता आणा. आधी विकत घेऊ नका.

वाई

पंखा खरंच हळू होतो. शेजाऱ्यांकडे तसाच ॲडाप्टर आहे, १२ व्होल्टचा. आज सातला लावून बघते आणि लिहिते.

वाई

आठ वाजून गेले. पंखा मंदच आहे, चित्र एकदाही गेलं नाही. सासूबाई समोर बसल्यात, उठायला तयार नाहीत.