बाळाच्या पाठीवरचा जन्मजात तीळ काढावा का?

प्रश्न: माझ्या 5 महिन्यांच्या मुलीच्या पाठीवर जन्मापासून रुपयाच्या नाण्याएवढा काळपट तीळ असून त्यावर आता मऊ लव उगवली आहे, तो काढावा की राहू द्यावा, हे डॉक्टर कशावरून ठरवतात?

उत्तर: ताई, मूल मोठे झाल्यावर तीळ केवढा होईल, याचा अंदाज ते आधी बांधतात. तो 20 सेंटिमीटरपेक्षा मोठा होणार असेल किंवा असे अनेक तीळ असतील, तर धोका अधिक मानून मेंदूचा एमआरआयही सुचवला जाऊ शकतो. लहान-मध्यम तिळात कर्करोगाचा धोका फार कमी असल्याने बहुधा नुसते लक्ष ठेवतात. लव उगवणे घाबरण्यासारखे नाही.

दुसरे उत्तर: माझ्या मुलाच्या गालावरच्या तिळासाठी भूल देण्याची घाई नको, असे आमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले. तिळाशेजारी मोजपट्टी ठेवून दरमहा फोटो काढा. गाठ किंवा रक्त दिसल्यास लगेच दाखवा.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. पहिला फोटो आजच काढते.