एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टला आरोग्यसेवेत मान्यता हवीच

यवतेश्वरकर:
साताऱ्यात व्यायामाची हौस मुळीच कमी नाही. पहाटे अजिंक्यताऱ्यावर गर्दी, हिल मॅरेथॉनच्या आधी यवतेश्वर घाटात पळणाऱ्यांची रीघ. पण अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर काय असतं? 'रोज चालणे.' किती, किती वेगानं, चढ चालेल का, काही नाही. माझ्या मामांनी तेवढ्यावर किल्ल्याची वाट धरली. नाडी फार वाढत नाही म्हणून वेग वाढवत राहिले. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडीचा वेग कमी ठेवणारी गोळी, चालू असताना नाडी तेवढी वाढत नाही, तेव्हा दम किती लागतो ते बघायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सहा मिनिटं चालायची चाचणी घेऊन, गोळ्या बघून व्यायाम ठरवून देणारा नोंदणीकृत माणूस, म्हणजेच एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट, हवा.

मिरजेची फिजिओ:
दादा, दुखणं बरोबर ओळखलंत, उपाय पटत नाही. ही चाचणी आम्ही घेतो. व्यायामाचं शरीरशास्त्र आम्हाला डिग्रीतच असतं, हृदय-फुप्फुसाच्या फिजिओथेरपीत मास्टर्सही होतं. आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्यात फिजिओथेरपी आहेच. मग नवा वर्ग कशाला? आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत फिजिओ भरा. पेशंटला अजून एक केबिन आणि अजून एक फी नको.

यवतेश्वरकर:
ताई, तुमच्या ओपीडीत गुडघा, कंबर आणि लकव्याचीच रांग असते. पन्नाशीतला, काही दुखत नसलेला मधुमेही तुमच्याकडे येतो का? तो जिममध्ये जातो. ऑस्ट्रेलियात फिजिओ असूनही 2006 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टच्या सेवेला मेडिकेअरचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे मिळतात.

विट्याचा ट्रेनर:
जिममध्ये येतो, खरंय. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी येणारेही असतात. साखर उतरून हातपाय कापायला लागले की आम्ही ग्लुकोज देतो, पण त्याच्या डॉक्टरांना कळवायचं कुणी? माझं शिक्षण एम.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणातलं मास्टर्स. मला पुढचं शिकायचंय. मान्यता आली तर आमच्यासारख्यांना वाट ठेवा, नुसता पोटावर पाय नको.

मिरजेची फिजिओ:
शिका ना, जरूर शिका. पण ईसीजी लावलेल्या पेशंटला ट्रेडमिलवर चालवताना छातीत दुखलं तर कधी थांबवायचं, हे वीकेंडच्या कोर्सात येत नाही. इंटर्नशिप हृदयरोग विभागात की जिममध्ये, ते आधी सांगा.

यवतेश्वरकर:
हृदयरोग विभागातच, आणि तुमच्यासारख्यांच्या हाताखाली. ही अट मान्य. त्याशिवाय नोंदणी देऊच नये.